बिनधुराची जीप

...नाही हो, बंद कुठं पडली होती? चांगली चालत होती! मघापासून हेच सांगतोय. लोकांना वाटतं, भंगारात निघालेली जीप, म्हणून यानं घरच्या घरी विजेवर केली. भंगारात? अहो, बकरीसुद्धा पाय टाकताना विचार करेल अशा चढावर बाबा ती घालायचे, आणि वर पोचल्यावर मागं वळून आमच्याकडं बघायचे, आम्ही अजून आत आहोत का म्हणून. आता, सुरू व्हायला मनधरणी लागायची, ते कबूल. बाबा आत बसणार, ॲक्सिलरेटर दोनदा दाबणार, फच्च, फच्च, मग चोक, मग एक शिवी, आणि मग किल्ली. शिवी राहिली तर लागायची नाही! आणि लागली की असा धूर, असा धूर, की समोरच्या बाई खिडक्या आपटता आपटता आम्हाला काय काय म्हणायच्या ते दिसायचं नाही, आणि आवाजापायी ऐकूही यायचं नाही, त्यामुळं संबंध चांगले होते. पण चालत होती हो! चांगली चालत होती!

घात केला तो बाबांच्या छातीनं. शिट्टी वाजायला लागली. जिना चढले की शिट्टी, हसले की शिट्टी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘आजोबा, धुराशी संबंध येतो का?’ आणि बाबांनी, काय सांगू तुम्हाला, छाती फुगवून जीपचं वर्णन केलं. तळाला कुठं भोक आहे, त्यातून धूर सरळ सीटखाली कसा येतो, थंडीत पाय कसे शेकतात... बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘झालं सांगून? ती बंद. आजपासून.’

बंद म्हणजे बंद. आणि जीप बंद झाली तसे बाबाही बंद झाले. कुठं जाईनात. मी म्हटलं, माझ्या गाडीतून सोडतो. ‘डबीत बसत नाही मी.’ रिक्षा आणतो. ‘मी काय पार्सल आहे?’ एक दिवस ऑफिसातून आलो, तर हे गॅरेजमध्ये, जीपमध्ये बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर भिंत. म्हटलं, बाबा, काय करताय? तर म्हणाले, ‘काही नाही. बसलोय.’ या माणसाला पुन्हा रस्त्यावर काढायचं, बास, ठरवलं मी.

आणि माणूस असा हळवा झाला, की नेमका मेव्हणा दारात येतो. हा निसर्गनियम आहे. ‘भावोजी, सोपंय! इंजिन काढायचं, मोटर बसवायची, बॅटऱ्या टाकायच्या. धूर नाही, आवाज नाही. मी सगळे व्हिडिओ बघितलेत.’ सगळे! म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं बघितलंय! आणि मी कोण? बल्ब बदलताना शेजारी कुणीतरी उभं लागतं, तो मी. मी म्हटलं, हो.

इंजिन निघालं. साखळीला लोंबकळत, तेल ठिबकत निघालं. त्याबरोबर जीपचं नाक गप्पकन वर आलं, म्हातारीच्या डोक्यावरची मोळी उतरवावी तसं. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, ‘ते बाहेर ठेवायचं नाही. माझ्या खोलीत.’ अहो बाबा, इंजिन आहे ते! ‘मग? मी कोण आहे? पाहुणा?’ ठेवलं. पलंगाशेजारी. बायको म्हणाली, ‘सासूबाईंचं कपाट जरा भिंतीकडं सरकवते म्हटलं, तर घरात भूकंप झाला होता. आणि हे आलेलं चालतं?’ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्या इंजिनावर टॉवेल वाळत घातले तिनं. चला, म्हटलं, घरचं झालं ते.

मग ती प्लेट. मोटर आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये एक लोखंडी प्लेट लागते, भोकं केसभरही हलून चालत नाहीत. माप मी घेतलं. बायकोच्या शिवणाच्या टेपनं. हसा! लेथवाला पण हसला. मग परत घेतलं, परत कातली, परत लावली, तर गाडी अशी थरथरायची जशी परीक्षेला निघाली आहे! आणि प्रत्येक वेळी, तुम्हाला सांगतो, प्रत्येक वेळी, खुर्चीतून आवाज यायचा, ‘चांगली चालत होती!’

बॅटऱ्या जेवणाच्या टेबलावर. बोटाएवढ्या जाड नारिंगी वायरी आणि मेव्हण्याची ताकीद, ‘भावोजी, इथं चमचा पडला तर तुम्ही गेलात.’ आम्ही सगळं बिऱ्हाड उभ्यानं जेवत होतो, चमचे खिशात ठेवून. आणि चार्जर लावला की बायको गीझर लावणार, आणि दोन्ही लागले की खटाक! सगळं घर अंधारात. अंधारातून बायको, ‘साबण लागलाय माझ्या तोंडाला!’ अंधारातून मेव्हणा, ‘सोपंय, सोपंय!’ आणि आतून, शांतपणे... ‘चांगली चालत होती.’

शेवटी एकदाची जोडली. मी बसलो, पुढचा गिअर टाकला, पाय ठेवला, आणि जीप मागं गेली. सरळ रंगाच्या डब्यांत. मोटर उलटी फिरत होती! मी निळा, मेव्हणा पिवळा. ‘दोन वायरी अदलाबदल झाल्यात, भावोजी, सोप—’ म्हटलं, त्या शब्दाचं पुढचं अक्षर उच्चारलंस तर तुझ्या बहिणीला सांगून तुझं या घरातलं चहापाणी तोडीन.

वायरी बदलल्या. रविवारी सकाळी बाबांना बोलावलं. स्वच्छ शर्ट घालून आले हो! दाढी करून! बसले. किल्ली फिरवली. काही नाही. ‘लागत नाही.’ बाबा, लागली, गिअरसुद्धा टाकून ठेवलाय. ‘आवाज कुठाय?’ नसतो आवाज. ‘धूर?’ नसतो बाबा, त्यासाठीच तर... ‘मला शिकवू नकोस. बंद आहे ही.’ आणि मी ‘बाबा नको’ म्हणेपर्यंत त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. ॲक्सिलरेटर दोनदा. फच्च, फच्च.

पहिल्या फच्चला दोरीवरचे कपडे गेले. दुसऱ्याला फाटक. बायकोची नवी चादर तोंडावर घेऊन, अजिबात आवाज न करता, एक जीप आमच्या गल्लीत निघाली! आणि आतून शिवी ऐकू आली. क्रमानं! पुढं समोरच्या बाईंच्या मेंदीच्या कुंपणात शिरून थांबली. सगळं शांत. मी धावतोय, मनात एकच, मारलं मी माझ्या बापाला, मेव्हण्याचं ऐकून मारलं. चादर ओढली. बाबा आत बसलेले, केसांत पानं. म्हणाले, ‘पिकअप बरा आहे.’ आणि हसायला लागले. हसले, हसले, खूप हसले, आणि शिट्टी नाही! खरं सांगतो, भर रस्त्यात रडलो मी. समोरच्या बाई काहीतरी म्हणत होत्या. या वेळी सगळं ऐकू आलं.

कुंपण लावून दिलं, फाटक बसवलं. आणि बाबा रोज जायला लागले. सकाळी निघाले की दुपार टळल्यावर घरी. चेहरा खुललेला, दोन घास जास्त. मी ऑफिसात सांगत सुटलो, माझ्या हातानं केलं मी, बापाला नवा जन्म दिला! फक्त एक गोष्ट. चार दिवसांत ती शिट्टी परत आली. गाडीत धूर नाही, घरात धूर नाही, मग ही आली कुठून?

काल अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या मागं गेलो. तर जीप उभी कुठं? बाबांच्या जुन्या मिस्तरीच्या गॅरेजबाहेर. आणि आत एका जुन्या ट्रकच्या मागं, धुराच्या नळीच्या अगदी समोर, स्टुलावर आमचे तीर्थरूप! डोळे मिटलेले. मिस्तरीला सांगतायत, ‘रेस दे. अजून दे. हां... आता कसं!’ आणि असा दीर्घ श्वास घेतला, असा घेतला, की डॉक्टरीणबाईंनी हजारदा सांगून घेतला नसता.

मी म्हटलं, बाबा! एवढा खटाटोप केला, घर डोक्यावर घेतलं, तुमच्या छातीसाठी ना? त्यांनी एक डोळा उघडला. ‘ओरडू नकोस. जीप छान केलीस तू. तिच्यामुळंच येता येतं मला इथं.’ म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता घरी. तर बोट दाखवलं. जीपमधून वायर निघून मिस्तरीच्या बोर्डात गेलेली. ‘बॅटरी उतरलीय. भरायला तीन तास लागतात. हे तूच केलंस, मला काय विचारतोस?’

मिस्तरीनं दुसरं स्टूल पुढं सरकवलं. मी तोंडाला रुमाल बांधला, आणि बसलो.