नववर्षाचे सात आकडे

वंदनीय भन्ते, अध्यक्षस्थानी असलेले आमचे सरपंच हेनसाहेब, सरहद्द ओलांडून लाओसहून आलेले अभियंते बुनथवीसाहेब, आज जिला निरोप द्यायचा ती डॉक्टर सोथियारी, आणि शेवयांचा वास नाकात शिरूनही जागचे न हललेले माझे गावकरी,

मी सारून. मेकाँगच्या घाटावरची पट्टी वाचून रोज पाण्याची पातळी कळवतो. भाषण हे काही माझं काम नव्हे. बायकोने बजावलंच आहे, "थोडक्यात आटपा, लोक उपाशी आहेत."

सोथियारी परदेशातून पाण्याची पंडित होऊन आली आणि पहिल्याच दिवशी चपला काढून चिखलात उतरली. मला म्हणाली, "काका, पट्टीवर एवढं शेवाळ, आकडा दिसतो कसा हो तुम्हाला?" मी म्हटलं, "सवयीने!" बिचारी हसली आणि स्वतः घासायला लागली.

तेव्हा वरचं, लाओसमधलं धरण न सांगता पाणी सोडायचं. जाळी जायची, होड्या जायच्या. नदीतल्या बेटावर मासे धरायला गेलेला आमचा कोसाल तर वाहूनच गेला. आमचं मागणं ते काय? पाणी सोडण्याआधी एक फोन! त्यासाठी दोन्ही देशांची बैठक ठरली. हिच्या हातात होते माझे आकडे.

आदल्या दिवशी ती माझ्या जिन्यावर येऊन बसली. "काका, नववर्षाचे सात दिवस नदी बोटभरही हलली नाही?"

मी सासुरवाडीला होतो. आल्यावर घरी बसून सातही दिवस एकच आकडा भरला होता. तेच तिला सांगितलं.

बैठकीत ती उभी राहिली. "यातले सात दिवस खोटे आहेत. तपासणं माझं काम होतं, ते राहिलं. ते वगळून बोलू." आपलेच साहेब खवळले. त्या वर्षी हिची बढती अडली. पण बुनथवीसाहेब, तुम्ही आपली वही पुढे सरकवून म्हणालात, "मग आमचेही दोन दिवस पुन्हा तपासू." तिथून बोलणं जुळलं. आज तीन वर्षं फोन येतो आहे आणि आपली एकही होडी गेलेली नाही.

चहाच्या टपरीवर मात्र मी ऐकत आलो, "शिकलेली खरी, पण आकड्यांत कच्ची." ऐकत होतो आणि चहा पीत होतो. लाज वाटते मला. मंडळी, ते आकडे माझे होते. हिने माझं नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर. भन्तेंचे, पाहुण्यांचे, शेवया करणाऱ्या बायकांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ते सात दिवस मात्र पोटात घालू नका. उद्या टपरीवर माझं नाव घेऊन सांगा.