रविवारचा बूट

माझं माहेर केडगावचं, बाप सुतार, आनि मला दिली इकडं कर्जतच्या अंगाला, बाभळी आनि धुरळ्याच्या मुलखात. आमी ख्रिस्ती मान्सं. मालक शाळंत शिपाई हुते, ते गेले त्याला लई वर्सं झाली. माझी शाळा तिसरीपर्यंत, पुढचं वाचन पवित्र शास्त्रावर बोट ठेवून ठेवून शिकले. लेक एकच, रूथ. तुमी लिवून घेताय म्हनून सांगते ताई, दीड वर्साची आसताना तिला ताप आला, तीन दिवस राहिला, आनि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय हाय, पन बारीक, दुसऱ्यापेक्षा आखूड, काठीसारखा.

तवापासनं मी घरात एक शब्द बोलू दिला न्हाई. लंगडी. शेजारच्या चंद्राकाकूनं एकदा इचारलं, तुझी लंगडी दिसंना कुठं, तर मी तिच्याशी सहा महिने बोलले न्हाई, बोटभर हळद लागली तरी तिच्याकडं मागाया गेले न्हाई. पोरी अंगनात लंगडी खेळायच्या ना, त्यालाबी मी एकपायी म्हनायची. आता हसू येतं, पन तवा येत नव्हतं.

तर बूट. रूथचा आवाज गोड, म्हनून पाळकसाहेबांनी तिला रविवारी देवळात शास्त्र वाचायला लावलं. शेवटच्या बाकापासनं पुढं चालत जायचं, सगळी मंडळी बघनार. मी काळे पट्ट्याचे बूट आनले, जुन्या गोधडीच्या घड्या घातल्या, दाभनानं शिवल्या, आनि डाव्या बुटात बसवल्या. मंग उंबऱ्यापासनं चुलीपर्यंत चालायला लावायची. खांदा पाडू नको, खाली बघू नको, सरळ चल. रडायची पोर, घोटा सुजायचा, मी मिठाच्या पान्यानं शेकायची आनि पुन्हा चालवायची. शिकली ताई. पुढं तर नवी मान्सं म्हनायची, हिला काय झालंय, काईच तर न्हाई. मला लई गार वाटायचं.

आता तिची चाळिशी आली, लग्न झालं न्हाई. तिला सरकारचा निराधारचा पगार हुता, अपंगत्वाच्या जुन्या कागदी दाखल्यावर. मधी तहसिलातून सांगितलं, जुना दाखला चालत न्हाई, नवा ऑनलाइन काढा, अपंगत्व चाळीस टक्के तरी पाहिजे. आनि पगार थांबला. माझी सत्तरी उलटली. मी हाय तवर पानी आनते, सरपन आनते, मी गेल्यावर कोन? भाऊ न्हाई, चुलता न्हाई. तेवढा एक कागद तिच्या नावावर असावा, एवढंच मनात.

आनि बगा मी काय केलं. दाखल्याच्या तपासनीला नगरला डॉक्टर साहेबांपुढं जायचं म्हनून केसाला तेल लावलं, साडी इस्त्रीची, आनि रविवारचे बूट. आदल्या दिवशी चालवूनबी घेतलं! मोठ्या मान्सापुढं नीट जावं, हेच ठावं. दुपारी नंबर लागला. साहेब म्हनाले, बाई चाल. अशी चालली ताई, खांदा तसूभर पडला न्हाई. साहेब म्हनाले, छान चालतेस की. मी म्हनले, व्हय साहेब, मीच शिकवलंय. मंग ते म्हनाले बूट काढ, तर मीच मधी पडले, साहेब पट्टा अवघड हाय, टाईम लागंल, मागं रांग हाय. खरं म्हंजे गोधडीच्या घड्या कुनाला दिसाया नको हुत्या. तेबी म्हनाले, बरं, राहू दे.

महिन्यानं सुमननं, गावात सरकारी दवाखान्याचं काम बघनारी आमची आशाताई ती, मोबाईलमधी बघून सांगितलं. अडतीस टक्के. मी म्हनले म्हंजे पास का? तिनं मान खाली घातली, म्हनाली मावशी, दोनानं ग, दोनानं गेलं.

सुमननंच सांगितलं की अपील करता येतं, फेरतपासनी मागायची, पन अर्जात लिवावं लागतं काय काय जमत न्हाई. रूथ लिवाया बसली. पेन धरलं आनि तशीच बसली. मंग मीच बोलाया लागले. उकिडवं बसता येत न्हाई. भरली घागर उचलता येत न्हाई. वल्या फरशीवर पडती, दोनदा डोकं फुटलंय. एसटीची पायरी चढताना मागच्या बाईचा हात लागतो. रातच्याला पायात गोळे येत्यात, उशी तोंडात धरती, मला कळू नये म्हनून. रूथ लिवत हुती, लिवता लिवता थांबली. म्हनाली, आई, तुला हे सगळं म्हाईत हुतं?

मी म्हनले, लिव पुढं.

फेरतपासनीच्या दिवशी ती सवयीनं बूट घालाया लागली. मी म्हनले नको घालू. तर कडाडली, आता काय लंगडून दाखवू व्हय? मला नाटक जमनार न्हाई. मी म्हनले, बाई, नाटक आपन इतकी वर्सं केलं. तरी तिनं घातलेच.

या खेपंला डॉक्टरीनबाई हुत्या. चल म्हनायच्या आत मी खाली बसले, पट्टा सोडला, गोधडीचा गठ्ठा बाहेर ओढला आनि त्यांच्या टेबलावर ठेवला. मंग रूथ अनवानी चालली, भिंतीपर्यंत आनि माघारी. खिडकीचा गज धरून वळली. मी असं तिला कधी नीट बघितलंच नव्हतं. बाईंनी पाय टेपनं मोजला, इचारलं, आजी हे शिवलं कुनी? मी म्हनले, मीच.

निकाल आला न्हाई अजून. सुमन दर सोमवारी बघती आनि म्हनती, तपासनी चालू हाय असंच लिवलंय मावशी. कधी वाटतं हुईल, कधी वाटतं मी डोळे मिटल्यावर हुईल. गेल्या रविवारी रूथ साध्या चपला घालून देवळात गेली. शास्त्र वाचाया उठली, आनि सगळ्या बाकांवरनं तो आवाज गेला, एक पाय टेकल्याचा, एक ओढल्याचा. मंडळी वळून बघाया लागली. मी आधी मान खाली घातली, मंग वर केली.

बरं, निघा ताई आता, उनं चढायच्या आत पोचा, देव तुमच्या पायाला बळ देवो. आनि हे लिवताना गोड करून लिवू नका. लिवा, माझी लेक लंगडती.