खिडकीतून दिसणारं टोक

शुद्धलेखन सांभाळून घ्या रे, माझी शाळा नववीतच सुटली. शब्दही साधेच आहेत.

आमच्या मुलुंडच्या डोंगरावर, सगळ्यात उंच टोकाला, मी दर दसऱ्याला झेंडा लावतो. अंथरुणाला खिळलेले बाबा तो खिडकीतून बघतात. यंदा वर वनरक्षक भेटला. म्हणाला, "टोक हे नाय रे! ते बघ, मागे."

झाडीपलीकडे खरंच आणखी उंच डोंगर! सहा वर्षं मी बाबांना फसवलं? झेंडा उपटून घरी आलो आणि सगळं सांगितलं.

"मला पहिल्यापासून माहीत आहे," बाबा म्हणाले. "येड्या, तिथला झेंडा मला इथून दिसला असता का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खड्ड्यात झेंडा परत रोवला. फक्त काठी जरा लांब घेतली.