कात्रीवाला हात

...आणि वर लोक मलाच विचारतात, हात कसा आहे? आहे हो, जागेवरच आहे, खांद्याला लागून आहे, फक्त माझं ऐकत नाही! तीस वर्षं या उजव्या हातानं लोकांचे केस कापले. मी गप्पा मारायचो, हात आपला कचकच कचकच... तुम्हाला सांगतो, तो आवाज आता स्वप्नात येतो.

तशी बायको रोज विचारायची, अहो, ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत का? मी म्हणायचो, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मला काय धाड भरलीय! दोन महिने गोळ्या बंद. तंबाखू मात्र अगदी वेळेवर. वडीलही याच दुखण्यानं गेलेले, तरी माझं आपलं तेच, मला काय धाड भरलीय!

आणि एका सकाळी शाळेतले मास्तर खुर्चीत बसलेले, एक गाल झालेला, दुसऱ्याला वस्तरा लावणार, तोच वस्तरा हातातून गळून खाली. म्हटलं, मुंग्या आल्या असतील. मास्तर आरशातून टक लावून बघतायत. जन्मभर आरशासमोर उभा मी, आणि माझं तोंड वाकडं झालंय हे गिऱ्हाइकानं सांगायचं! म्हणाले, दोन्ही हात वर करा. तोंडाला फेस लावलेला माणूस मला कवायत सांगतोय! डावा गेला वर. उजवा निम्म्यातूनच खाली. मी म्हणायला गेलो, मला काय धाड भरलीय, तर तोंडातून निघालं, "म्माका धा भई..."

मास्तरांनी तशाच अर्ध्या दाढीनं मला गाडीत कोंबलं आणि थेट इस्पितळ गाठलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. लवकर पोचलो म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. घरी जाऊन पडलो असतो, तर वाचासुद्धा गेली असती म्हणे. मग उलटतपासणी. गोळ्या? तंबाखू? वडील? माझ्या प्रत्येक उत्तराला बायको माझ्याकडे बघतेय... डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दाब वाढला की दुखतंच असं नाही. तो आतल्या आत काम करतो."

बोलणं परत आलं, ते तुम्ही भोगताच आहात. पाय जरा ओढतो. पण हात...

दुकान आता लेक चालवते. मी बाकावर बसून रबरी चेंडू दाबतो आणि बघतो. कानामागं जरा जास्त राहिलंय, मानेवरची रेघ तिरकी जातेय... आणि माझी बोटं मांडीवर उगाच चुळबुळतात. एकदा न राहवून म्हटलं, कात्री दे गं, नुसती धरतो. तिनं माझं एकेक बोट वाकवून कात्रीत घातलं. धरली. उघडेना.

"बाबा, अजून थोडे दिवस."

"किती गं?"

ती केस झाडत राहिली.

काल मात्र मला बढती मिळाली! लेकीनं पाण्याचा फवारा हातात दिला, म्हणाली, गिऱ्हाइकाचे केस ओले करा. लावला सगळा जोर... आणि उडालं की हो पाणी, उजव्या हातानं! केस कोरडेच राहिले, पण चष्मा, सदरा, मागचं कॅलेंडर, सगळं चिंब. मी आपला आनंदानं दाबतोय, दाबतोय... शेवटी गिऱ्हाईक चष्मा पुसत शांतपणे म्हणालं, "अहो, मी घरून आंघोळ करून आलोय."