सीटच्या दांड्यावरची रेघ

मिस्त्री : डोळे मीट आणि समज, तू या सायकलवर टेकडीच्या माथ्यावर आहेस. समोर खडकाळ उतार. आता अंगाचं वजन कुठे नेशील?

मुलगी : मागे. मागच्या चाकावर.

मिस्त्री : शाब्बास. नेऊन दाखव. अडलीस ना?

मुलगी : सीट पोटात टोचते, काका.

मिस्त्री : म्हणजे परवा सरावात तू पडलीस, त्यात दगडाचा काही दोष नाही. सीट चांगली चार बोटं उंच आहे. तुझे पाय जेमतेम पेडलला लागतात.

मुलगी : मी उभी राहून चालवते.

मिस्त्री : अख्खी शर्यत? शाळेतले सर काय म्हणाले?

मुलगी : सीट खाली झाली नाही, तर रविवारी टीममध्ये नाही.

मिस्त्री : बरोबर बोलले. दे तो पाना इकडे.

मुलगी : नको ना. ही दादाची उंची आहे.

मिस्त्री : मला सांगतेस? मीच वर केली होती. सुट्टीत ताडमाड वाढून आला आणि म्हणतो कसा, “काका, गुडघे कानाला लागतात.” ही बघ, नळीच्या तोंडाशी दांड्यावर खिळ्याने रेघ ओढली होती तेव्हा.

मुलगी : त्यानंतर पंधरा दिवसांत त्याला ताप आला. दवाखान्यात नेलं ते नेलंच.

मिस्त्री : हं.

मुलगी : मी सरावाहून आले, की आई सायकल पुसते. मग सीटवर हात ठेवून उभी राहते. म्हणते, इथपर्यंत त्याची कंबर यायची. सीट खाली गेली, तर तिने हात कुठे ठेवायचा?

मिस्त्री : तुला कुठे लागलं, ते दाखव आधी.

मुलगी : कमरेला. थोडंसंच आहे. आईला सांगू नका.

मिस्त्री : थोडंसं म्हणे. बरं, ऐक. दांडा खाली गेला, तरी रेघ पुसली जात नाही. नळीच्या आत राहते. तू वाढशील तसतसा दांडा वर काढू. एक दिवस रेघ पुन्हा दिसेल.

मुलगी : मी दादाएवढी झाले की.

मिस्त्री : हो.

मुलगी : आणि मी त्याच्याहून उंच झाले तर?

मिस्त्री : तर दांडा आणखी वर येईल. त्याच्या रेघेखाली तुझी रेघ ओढू.

मुलगी : तो मात्र तेवढाच राहणार.

मिस्त्री : हा घे पाना. मी नाही फिरवणार. तुझं तू ठरव.

मुलगी : कुठल्या बाजूला फिरवायचा?

मिस्त्री : डावीकडे. सैल झाला की दांडा हळू सोड. अजून थोडा. पुरे, आवळ आता. या वहिनी, आत या.

आई : सायकल जागेवर नव्हती, म्हणून आले. सीट कुणी हलवली, मिस्त्री?

मुलगी : मी हलवली, आई.

आई : मला विचारलं नाहीस.

मिस्त्री : वहिनी, तिचे पाय पोचत नव्हते हो.

आई : (सीटच्या चार बोटं वर हात धरून) इथपर्यंत होता तो. हा माझा हात आहे ना, इथपर्यंत.

मुलगी : हात काढू नकोस. तिथेच ठेव. मी बसते.

(मुलगी सायकलवर बसते. आईचा हात तिच्या कमरेला लागतो.)

आई : अंग का चोरलंस? बघू. अगं, केवढं सोललंय. कधी झालं हे?

मुलगी : परवा. पडले मी.

आई : मग सांगायचं नाही का मला?

मुलगी : सांगायलाच आले होते. तू सीटवरची माती पुसत होतीस.