आईची तुटकी अक्षरं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत एका शिक्षिकाबाईंच्या पुढे बहीण-भाऊ घरचा जुना कॉम्प्युटर घेऊन उभे होते. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“ताई, अपग्रेड करायची एवढी घाई काय होती? आता चालूच होईना!”

“मला काय माहीत, डिस्कच रुसून बसेल म्हणून!”

“झाला बघा चालू,” दुरुस्तीवाला म्हणाला. “डिस्कमधल्या चुका काढल्या. ही एक फाइल मात्र खराब दिसतेय, नुसती तुटकी अक्षरं आहेत. पुसू?”

“नको!” दोघंही ओरडले.

“आमच्या आईचं आहे ते. टायपिंग शिकत होती, तेव्हाचं.”

“तुझ्या नावातला काना शोधण्यात तिची अख्खी दुपार गेली होती रे.”

“दूध उतू गेलं, तरी उठली नाही.”

“उलट आतून ओरडली, ‘गॅस बंद करा रे कुणीतरी, मला काना सापडलाय!’”