शनिवारी हसायचं नाही

— नाही नाही, बोलायचं नाही! नुसती मान हलवा. चेहऱ्यावरचा पॅक ओला आहे अजून, वीस मिनिटं ओठसुद्धा हलवायचे नाहीत — बोलायला मी आहे की. आणि हसायचं तर मुळीच नाही, तडे जातात. हसायला काय झालंय म्हणता? चार वाजू देत, मग कळेल. भिंतीपलीकडे आमचे हे बसतील.

कीबोर्ड घेतलाय हो! महिना झाला. एक बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की व्हायोलिन, तिसऱ्याला म्हणे समुद्र — आता गाण्यात समुद्र कशाला हवा? पण ह्यांना विचारायची सोय नाही. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, पान्याखेरीज कशाला प्रेमाने हात लावला नाही, आणि आता त्या धुडाला रोज मऊ फडक्याने पुसतात. माझा चष्मा पुसला का कधी? दात घासताना बेसिनवर बोटं चालू, जेवताना ताटाच्या काठावर चालू, परवा तर दुपारी झोपेत माझ्या पाठीवरच — जाऊ दे, तुम्हाला काय सांगत बसलेय मी! आवाजाचा त्रास? छे, हेडफोन लावतात ना. गंमत तीच तर आहे. कीबोर्ड ऐकू येतो फक्त त्यांना, आणि सोबत हे स्वतः गातात ते ऐकू येतं फक्त आम्हाला! कान झाकले की ह्यांना वाटतं, जग बहिरं झालं. गाणं मोठ्याने, ‘वा, काय हात बसलाय’ हेही मोठ्याने, आणि ‘शनिवारी लग्नाला पंचवीस वर्षं होतील, सगळ्यांसमोर हिला चकित करतो’ — तेही मोठ्याने! माझ्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. सगळ्यांना शपथ घातलीय. तुम्हालाही घातली. हलवा मान.

पण मला धास्ती वाटते हो. लग्नाच्या पहिल्या वर्षी नणंदेकडे गायले होते, माझ्यासाठी, माझ्याकडे बघत — आणि मी हसले. हसले म्हणजे काय, उशीत तोंड खुपसलं तरी थांबेना, खुर्चीवरून खाली आले! मग सगळेच हसायला लागले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर चोवीस वर्षं साधं गुणगुणले नाहीत, अंघोळीलासुद्धा नाही. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. हे कुणापाशी बोलले नव्हते हं मी — तुम्ही गप्प बसलात म्हणून निघून गेलं तोंडातून. तर शनिवारी हसून चालायचं नाही. म्हणून काय करते, रोज चारला गिऱ्हाईक नसलं की हाच पॅक स्वतःला फासते आणि भिंतीशी बसते. सराव! पहिल्या दिवशी पहिल्याच ओळीला गालावर भेग. काल दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकले.

श्‌ — बसले. ऐका. ऐका कसं, न उघडणारा ड्रॉवर ओढावा तसं... अहो, हसू नका! खुर्ची धरा, आता वर जायचंय त्यांना — गेले, गेले — आणि पलीकडेच गेले! नाकाने श्वास घ्या तुम्ही. मी बघा, हूं की चूं नाही... तिसरं कडवं. इथवर हे कधी आलेच नव्हते. अगं बाई, संपलं की! पूर्ण म्हटलं आज! आणि मी हसले नाही, पाहिलंत ना?

थांबा. काहीतरी बोलतायत. शनिवारचं भाषण दिसतंय.

‘...मला गाता येत नाही, ठाऊक आहे. पण पहिल्या वर्षी गायलो तेव्हा ही खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होती. मीच मेला रुसून बसलो. तेव्हापासून माझ्यासमोर जपूनच हसते. तर — ए, ऐकतेस ना? — पुन्हा तसंच गातोय. हस की गं आता.’

...

काय? नाही, काही नाही. वाळला तुमचा पॅक. उठा, नळ तिकडे आहे, धुवा तुमचं तुम्हीच. नाही हो, रडतेय कुठे — आणि जाताना दार ओढून घ्या. जा ना तुम्ही आता.